काइनाची बायको कुठून आली? 'उत्पत्ति'च्या पहिल्या पानांतली कोडी

मृदगंध

आमच्या सोसायटीत दर रविवारी सातआठ जण जमून मोठ्यानं वाचन करतो. यंदा ठरवलं की निरनिराळ्या लोकांच्या 'माणूस कसा झाला' या कथा वाचायच्या. पुरुषसूक्त झालं, संथाळांची हंस-हंसिणीची कथा झाली, आणि गेले दोन आठवडे इब्री (हिब्रू) पवित्र शास्त्रातलं पहिलं पुस्तक, म्हणजे मराठी बायबलातलं 'उत्पत्ति', चालू आहे.

चौथ्या अध्यायात आदाम-हव्वेचा मुलगा काइन आपल्या भावाला, हाबेलला, मारतो. देव त्याला हाकलतो. काइन म्हणतो, "मी ज्याला सापडेन तो मला मारेल." मग तो एदेनच्या पूर्वेला नोद देशात जातो, बायकोपासून त्याला मुलगा होतो आणि तो चक्क नगर बांधतो. आमच्याकडे सातवीतली एक मुलगी येते. तिनं विचारलं, "आजी, आत्तापर्यंत तर आदाम, हव्वा आणि काइन एवढेच उरलेत. मग बायको कुठून आली? त्याला मारणार कोण? आणि नगरात राहणार कोण?"

मी "पुढे वाचू या, कळेल" म्हणून वेळ मारून नेली. तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण त्या दिवशी मुलीच्या चांगल्या प्रश्नाला मी टाळलं आणि ते मला लागून राहिलंय. पुढे वाचलं तर कोडी वाढलीच. पहिल्या अध्यायात स्त्री-पुरुष एकत्र निर्माण होतात, दुसऱ्यात आधी पुरुष, मग प्राणी, मग स्त्री. "खाशील त्या दिवशी मरशील" असं बजावलेला आदाम ९३० वर्षं जगतो. देव एकटा, पण म्हणतो "आपण मनुष्य करू".

माझा प्रश्न असा: या चुका समजायच्या, की मुद्दाम ठेवलेल्या जागा? तिला रविवारी काय सांगू? श्रद्धेनं वाचणारे, अभ्यास म्हणून वाचणारे, सगळ्यांचं ऐकायचंय.

शिवारातला_सतीश

बहीणच असणार, दुसरं कोण? पुढच्याच अध्यायात आदामाला आणखी मुलगे-मुली झाल्याचं लिहिलंय ना.

वसईची_लाट

सतीश म्हणतायत ते ५:४ मध्ये, म्हणजे पाचव्या अध्यायाच्या चौथ्या वचनात आहे. आमच्या घरी आजीही हेच सांगायची. जुन्या काळातले ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीन, त्यानं 'देवाच्या नगरा'विषयीच्या ग्रंथात हा प्रश्न सरळ घेतलाय. तो म्हणतो, तेव्हा बहिणीशी लग्न ही गरज होती, पुढे माणसं वाढली तेव्हा ते निषिद्ध झालं. नात्याचा धागा एकाच घरात गुंडाळून न ठेवता घराघरांत जावा, हे त्याचं कारण मला फार आवडतं.

योवेल नावाचा एक जुना यहुदी ग्रंथ आहे, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातला. त्यात तर काइनाच्या बायकोचं नावही दिलंय: अवान, त्याची बहीण. म्हणजे मृदगंध ताई, तुमच्या वाचनगटातल्या मुलीनं विचारलेला प्रश्न बावीसशे वर्षांपूर्वी कुणाला तरी इतका छळत होता की त्यानं उत्तरादाखल नाव शोधून काढलं. तिला हे सांगाच.

एकमत_नाही

पण यानं प्रश्न सुटत नाही. बहीण घरातच असेल, तर नोद देशात काइन कुणाला घाबरतोय? आईबापांना? तिसरा भाऊ शेथ तर अजून जन्मलेला नाही. माझं मत स्पष्ट आहे. ही दोनतीन वेगळ्या कथांची जोडणी आहे आणि जोडताना शिवण उसवलीय. चूक ती चूक. तिच्यात खोल अर्थ शोधत बसण्यापेक्षा मुलीला खरं सांगावं.

जुनीपोथी

जोडणी आहे हे मलाही मान्य. फक्त 'चूक' या शब्दाशी थांबावंसं वाटतं.

आधी जोडणी कशी ओळखली ते सांगतो, कारण ते मराठी बायबलातही डोळ्यांनी दिसतं. पहिला अध्याय उघडा. कर्ता सगळीकडे 'देव' आहे, मूळ इब्रीत एलोहीम. तो बोलतो आणि घडतं. सहा दिवस, ठरावीक पालुपद, संध्याकाळ झाली सकाळ झाली. दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनाच्या मध्यावर एकदम 'परमेश्वर देव' सुरू होतो. इब्रीत तिथे चार अक्षरांचं ते नाव येतं जे यहुदी लोक उच्चारत नाहीत. आणि हा देव कुंभारासारखा माती घेऊन घडवतो, नाकपुडीत श्वास फुंकतो, बाग लावतो, संध्याकाळी वाऱ्याला फिरतो. भाषा वेगळी, क्रम वेगळा, देवाचा स्वभाव वेगळा.

१७५३ साली ज्याँ आस्त्रुक या फ्रेंच वैद्यानं निनावी पुस्तक छापून म्हटलं की परंपरेनं ज्याला या पुस्तकाचा लेखक मानतात त्या मोशेसमोर जुने दस्तऐवज होते, आणि देवाच्या नावांवरून ते वेगळे काढता येतात. त्याला धर्मग्रंथाची बाजूच घ्यायची होती. सव्वाशे वर्षांनी, १८७८ मध्ये, वेलहाउझेन या जर्मन अभ्यासकानं यातून सबंध मांडणी उभी केली. तिचे तपशील आज बरेच बदललेत, पण पहिला अध्याय आणि दुसरा अध्याय दोन निरनिराळ्या हातांचे, हे बहुतेक अभ्यासक धरून चालतात.

आता 'चूक' बद्दल. ज्यानं हे दोन एकापुढे एक ठेवले त्याला क्रम उलटा आहे हे दिसलं नसेल? एका पानाचं तर अंतर आहे. त्याला एक गाळता आलं असतं, किंवा घासूनपुसून एक करता आलं असतं. त्यानं दोन्ही ठेवले. पुण्यात भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, तेव्हा संपादकांचा दंडक होता की पाठ अवघड वाटतो म्हणून सोपा करायचा नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि बजावलं की हिच्यात कुणी आपली ओवी घालू नये. मिळालेल्या शब्दापुढे जो नम्र असतो तो खाचखळगे बुजवत नाही. मला इथे तसाच हात दिसतो.

एकमत_नाही

हे पटण्यासारखं मांडलंत. तरी नम्रता आणि निष्काळजीपणा बाहेरून सारखेच दिसतात. फरक कसा ओळखायचा?

नवगावची_लेक

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली यहुदी. आजोळ अलिबागजवळ, आता इस्राएलात अश्दोदला असते. घरात अजून मराठी बोलतो. आमच्या आजोबांच्या पिढीपर्यंत कोकणात आम्हाला 'शनवार तेली' म्हणत, शनिवारी घाणा बंद म्हणून.

एकमत_नाही, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: शब्द बघा. निष्काळजी माणूस इतका शब्दांशी खेळत नाही. मनुष्य म्हणजे 'आदाम', जमीन म्हणजे 'अदामा'. मातीतून माणूस, असा तो खेळ. आणि दुसऱ्या-तिसऱ्या अध्यायांत बहुतेक ठिकाणी 'हा-आदाम' आहे, म्हणजे 'तो मनुष्य'. व्यक्तीच्या नावाला हे 'हा' लागत नाही. स्पष्टपणे विशेषनाम म्हणून तो शब्द नंतर स्थिरावतो. पाचव्या अध्यायाच्या दुसऱ्या वचनात तर देव नर आणि नारी दोघांना मिळून 'आदाम' नाव देतो. भाषांतरात हे सगळं एका माणसाच्या नावात बसवलं जातं आणि कोडं आणखी घट्ट होतं.

दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी दोघं 'अरुम्मीम' असतात, म्हणजे उघडी. लगेच पुढच्या वचनात साप 'आरूम' आहे, म्हणजे धूर्त. हाबेलचं इब्री नाव 'हेवेल', अर्थ वाफ, श्वास. थंडीत तोंडातून निघते आणि विरते ती. उपदेशकाच्या पुस्तकात 'सर्व व्यर्थ' म्हणतात तिथेही हाच शब्द आहे. ज्या मुलाचं आयुष्य आठ वचनांत संपतं त्याचं नाव वाफ.

आणि नोद. 'नाद' म्हणजे भटकणारा. देव काइनाला भटक्या होशील म्हणतो आणि तो 'भटकंतीच्या देशात' जाऊन राहतो. नकाशावर तो देश शोधून सापडणार नाही.

चहा_घेणार_का

'नर' आणि 'नारी'सुद्धा तसंच का? आमच्याकडच्या मराठी बायबलात तिला नारी म्हणावं कारण ती नरापासून, असं आहे.

नवगावची_लेक

बरोब्बर! इब्रीत 'ईश' आणि 'इश्शा'. मराठीला ही जोडी आयती मिळाली.

डॉ_अस्थी

फासळीबद्दल विचारतो. पहिल्या वर्षाला शरीररचना शिकताना मित्र पैजेवर सांगायचे की पुरुषाला एक फासळी कमी असते. दोघांनाही बारा जोड्या, चोवीसच. व्हेसेलियस या शरीररचनाकारानं १५४३ मध्ये हे लिहून ठेवलं तरी समजूत गेली नाही. मूळ शब्द नक्की काय आहे?

नवगावची_लेक

'त्सेला'. डॉक्टर, हा शब्द शास्त्रात इतरत्र बघितला तर तो बहुतेक बाजू या अर्थानं येतो. कराराच्या कोशाची एक बाजू, जिथे कड्या लावायच्या (निर्गम २५). मंदिराच्या बाजूच्या खोल्या (१ राजे ६). डोंगराची कूस (२ शमुवेल १६). माणसाच्या शरीराबद्दल तो इथेच आहे, आणि इथे भाषांतरात 'फासळी' झाला.

म्हणून आमच्या जुन्या रब्बींनी, म्हणजे धर्मपंडितांनी, वेगळंच वाचलं. उत्पत्तीवरच्या मिद्राशात, रब्बींच्या टीका-कथांच्या पाचव्या शतकाच्या आसपासच्या त्या संग्रहात, रब्बी शमुएल बर नहमान म्हणतात की पहिला मनुष्य दोन तोंडांचा होता, एकाची पाठ दुसऱ्याला. देवानं त्याला करवतून दोन केले. मग दोन अध्यायांतला विरोधच उरत नाही. 'नर व नारी अशी ती निर्माण केली' हे पहिल्यातलं, आणि 'बाजू' वेगळी काढली हे दुसऱ्यातलं.

पाठक_पैठण

हे वाचून अंगावर काटा आला. बृहदारण्यक उपनिषदात, १.४.३. आरंभी पुरुषाच्या रूपातला आत्मा एकटाच. त्याला करमत नाही, दुसरं कुणी हवंसं वाटतं. तो आलिंगनातल्या स्त्रीपुरुषाएवढा होतो, स्वतःचे दोन भाग पाडतो, पती आणि पत्नी. मग याज्ञवल्क्याचं वाक्य येतं: 'अर्धबृगलमिव स्वः', म्हणजे आपण प्रत्येक जण सोललेल्या दाण्याच्या डाळिंबीसारखे, अर्धे. वाल सोलताना प्रत्येक वेळी मला ते वाक्य आठवतं.

आणि दोन्हीकडे कारण एकच आहे. तिथे 'एकाकी न रमते'. इथे देव म्हणतो, मनुष्यानं एकटं असणं बरं नाही. पहिल्या अध्यायात सगळं 'चांगलं' म्हणत आलेला देव पहिल्यांदा कशाला 'बरं नाही' म्हणतो, तर एकटेपणाला.

एकमत_नाही

साम्य सुंदर आहे, पण एकानं दुसऱ्याकडून घेतलं असं कुणी सुचवू नये. अंतर फार आहे.

पाठक_पैठण

मुळीच सुचवत नाही. एकटेपणा सगळीकडे एकटेपणाच असतो, इतकंच.

वसईची_लाट

त्याच जागी 'साहाय्यक' शब्द आहे आणि त्यावरून आम्हा बायकांना किती प्रवचनं ऐकावी लागलीत! इब्रीत तो शब्द 'एझेर' आहे ना, नवगावची?

नवगावची_लेक

'एझेर केनेग्दो'. एझेर म्हणजे मदत, आणि शास्त्रात तो शब्द पुष्कळदा देवासाठीच येतो. स्तोत्र १२१, "मी डोंगरांकडे डोळे लावतो, माझी मदत कुठून येईल", तिथे हाच. म्हणजे हाताखालची पोर नव्हे. 'केनेग्दो' म्हणजे त्याच्या समोरासमोरची, तोडीस तोड. राशी हे फ्रान्समधले अकराव्या शतकातले भाष्यकार जुन्या रब्बींचा दाखला देऊन लिहितात: तो लायक असेल तर मदत, नसेल तर समोर उभी ठाकून विरोध.

चहा_घेणार_का

हे फ्रेम करून स्वयंपाकघरात लावतोय. बायकोची परवानगी मिळाली आहे :)

राशोलची_वाट

गोव्याहून. विषय थोडा बाजूला नेते. फळ सफरचंद होतं असं शास्त्रात कुठेच नाही, फक्त 'फळ'. लॅटिनमध्ये 'मालुम' म्हणजे सफरचंदही आणि वाईटही, त्या जवळिकीनं युरोपात सफरचंद रुजलं. आमच्याकडे मात्र पोर्तुगीज लोक केळ्याला 'भारतातलं अंजीर' म्हणायचे, आणि आदाम-हव्वेनं अंजिराचीच पानं शिवली होती. केळीच्या पानानं अंग झाकणं किती सोपं, विचार करा. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ मध्ये केळ्याला शास्त्रीय नाव दिलं तेही 'मुसा पॅराडिसियाका', स्वर्गीय बागेतली केळ.

आणि मृदगंध ताई, मराठीत ही कथा पहिल्यांदा छापली गेली ती इथेच. राशोलला १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्सचं क्रिस्तपुराण निघालं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, आणि पहिला भाग सृष्टीच्या आरंभापासून सुरू होतो. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांनी 'आम्हाला आमच्या भाषेत पुराण द्या' म्हटलं म्हणून ते झालं. तुमच्या गटात त्यातला भाग वाचा, ओवी असल्यानं मोठ्यानं फार गोड लागतं.

शिवारातला_सतीश

यहुदी लोक कोणतं फळ म्हणतात?

नवगावची_लेक

तीन रब्बी, तीन मतं! तालमूद या रब्बींच्या धर्मचर्चांच्या ग्रंथात कुणी द्राक्ष म्हणतं, कुणी अंजीर, आणि रब्बी यहूदा म्हणतात गहू. कारण मूल धान्य चाखेपर्यंत 'आई', 'बाबा' म्हणायला शिकत नाही. ज्ञानाचं फळ म्हणजे धान्य.

मृदगंध

म्हणजे उष्टावण! किती घरगुती विचार आहे हा.

शिवारातला_सतीश

गहू असेल तर तिसऱ्या अध्यायातली शिक्षाही जुळते. घाम गाळून भाकरी खाशील, काटेकुसळं उगवतील. आमच्यासारख्यांना ते वचन समजवावं लागत नाही. आणि एक पाहिलं का? पहिल्या अध्यायात माणसाला खायला फक्त बीज देणारी झाडं आणि फळं दिलीत. मांसाची परवानगी जलप्रलयानंतर, नवव्या अध्यायात. आम्ही माळकरी, मला हे माहीत नव्हतं.

हिशेबनीस

मी पाचव्या अध्यायातल्या आदामाच्या वंशावळीतल्या वर्षांची बेरीज केली. मथुशलह १८७ व्या वर्षी लामेखाचा बाप, लामेख १८२ व्या वर्षी नोहाचा, आणि नोहा ६०० वर्षांचा असताना प्रलय. १८७ + १८२ + ६०० = ९६९. मथुशलहाचं वय बरोब्बर ९६९! म्हणजे तो प्रलयाच्याच वर्षी गेला. हा योगायोग नाही, कुणीतरी मांडून हिशेब केलाय.

जुनीपोथी

शाब्बास. आता अलेक्झांड्रियात झालेल्या जुन्या ग्रीक भाषांतराचे आकडे घ्या: १६७, १८८, ६००. बेरीज ९५५. मथुशलह तिथेही ९६९ जगतो, म्हणजे नोहाच्या तारवात नसताना प्रलयानंतर १४ वर्षं जिवंत! ऑगस्टीनच्या काळीही लोक यावर वाद घालत होते. त्यानं आकडे नकलताना झालेली गफलत असं सांगून इब्री आकडे धरले. इथे मला एकमत_नाही यांचा 'चूक' शब्द बिनशर्त मान्य आहे.

हिशेबनीस

आणि "त्या दिवशी मरशील"?

वसईची_लाट

स्तोत्र ९० म्हणतं, हजार वर्षं देवाला कालच्या दिवसासारखी. योवेल ग्रंथ हेच लावतो: आदाम हजाराला सत्तर कमी असताना गेला, म्हणजे त्याच दिवसात गेला.

नवगावची_लेक

आणि रब्बी म्हणतात, ती सत्तर वर्षं त्यानं पुढे होणाऱ्या दावीद राजाला दिली. दावीद सत्तर वर्षं जगला.

एकमत_नाही

ही उत्तरं गोड आहेत, पण मला साधं वाचन जास्त भिडतं. साप म्हणाला 'मरणार नाही', आणि ते त्या दिवशी मेले नाहीत. देव शिक्षा सुनावतो आणि लगेच त्यांना चामड्याचे कपडे करून घालतो. ज्याला मारायचं त्याला कुणी कपडे शिवत नाही. मला तिथे देव शब्द मागे घेताना दिसतो. मी देव मानत नाही, तरी ते वचन मला विसरता येत नाही.

जुनीपोथी

तुमचा हा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात चांगला आहे असं मला मनापासून वाटतं.

अक्कड

सुमेर-बाबिलोनचा उल्लेख अजून कसा नाही? अत्राहासीस नावाचं अक्कडी काव्य आहे, इसवी सनापूर्वीच्या सतराव्या शतकातल्या प्रती मिळाल्यात. त्यात धाकटे देव कालवे खणून थकतात आणि काम बंद पाडतात. तोडगा म्हणून एका देवाला मारून त्याचं मांस-रक्त मातीत कालवतात आणि माणूस करतात, देवांचं ओझं वाहायला. गिलगामेश या तिथल्याच महाकाव्यात साप जीवनाची वनस्पती पळवतो. माती, साप, अमरत्व हुकणं, सगळं साहित्य त्या भागात आधीच होतं.

म्हणूनच बदल कुठे केलाय ते बघावं. बाबिलोनमध्ये माणूस मजूर आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात तो देवाचं 'प्रतिरूप' आहे. इब्री शब्द 'त्सेलेम', मूर्ती. १९७९ मध्ये सीरियात तेल फेखेरिये इथे एका राजपुरुषाचा पुतळा सापडला. त्यावरच्या अरामी लेखात पुतळ्यासाठी 'त्सेलेम' आणि 'देमूत' याच दोन शब्दांची रूपं आहेत, म्हणजे 'प्रतिरूप' आणि 'सदृश' यांचीच जोडी. त्या जगात राजा देवाची प्रतिमा असे. इथे ती पदवी प्रत्येक माणसाला मिळाली, बाई आणि पुरुष दोघांना.

मृदगंध

मग "आपण मनुष्य करू" मधलं 'आपण' कोण? हे राहिलंच.

पाठक_पैठण

गंमत अशी की इथे मराठी भाषांतरकाराची जास्त कसोटी लागते. इब्री क्रियापदात नुसतं अनेकवचन आहे. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे. 'आम्ही करू' म्हटलं की ऐकणारा बाहेर, 'आपण करू' म्हटलं की तोही आत. मराठी बायबल 'आपण' म्हणतं, म्हणजे समोर कुणीतरी आहे आणि त्याला कामात घेतलंय, हे भाषेनंच ठरवून टाकलं. पंडिता रमाबाई इब्री शिकल्या, केडगावला बसून सबंध बायबलाचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. ते १९२४ मध्ये, त्यांच्या पश्चात निघालं. अशा एकेका सर्वनामापाशी त्या किती थांबल्या असतील!

वसईची_लाट

आमच्याकडे ते त्रैक्य: पिता, पुत्र, पवित्र आत्मा. तेव्हा तुमचं 'आपण' मला फारच जवळचं वाटतं.

नवगावची_लेक

आमच्याकडे देवदूत. राशी म्हणतात, मोठ्यानं काही करताना लहानांचा सल्ला घ्यावा, हे शिकवायला देवानं तसं म्हटलं, जरी यातून कुणी वेगळा अर्थ काढायचा धोका होता. मिद्राशात मोशे हे वाक्य लिहिताना अडतो. म्हणतो, प्रभू, याचा लोक भलता अर्थ काढतील. देव म्हणतो: तू लिही. ज्याला चुकायचंय तो चुको.

एकमत_नाही, नम्रता की निष्काळजीपणा हा तुमचा प्रश्न मला इथे आठवला. निदान वाचणाऱ्यांना तरी खाच दिसत होती, आणि ती त्यांनी ठेवली.

अक्कड

मूळ काळात देवाचा दरबार असा अर्थ असावा, बायबलातल्या इयोबाच्या पुस्तकाच्या सुरुवातीला आहे तसा. पण धागा काइनाच्या बायकोवर परत आणतो, कारण त्या प्रश्नाला एक भयंकर इतिहास आहे.

१६५५ मध्ये इसाक ला पेरेर या फ्रेंच माणसानं पुस्तक लिहिलं. नोदमध्ये माणसं होती म्हणजे आदामाआधीही माणसं होती, आदाम फक्त यहुद्यांचा पूर्वज. पॅरिसमध्ये पुस्तक जाळलं, पुढच्या वर्षी त्याला अटक झाली आणि त्याला मत मागे घ्यावं लागलं. त्याचा हेतू वाईट नव्हता. पण पुढच्या शतकांत गुलामगिरीच्या समर्थकांनी हाच धागा उचलला: काळे लोक आदामाचे वंशज नाहीतच, म्हणून बरोबरीचे नाहीत. एका अडलेल्या वचनाचं उत्तर माणसाला कुठे नेऊ शकतं ते बघा.

नवगावची_लेक

याच्या अगदी उलट वाक्य मिश्ना या आमच्या धर्मनियमांच्या संग्रहात आहे, सुमारे २०० सालचं, 'सान्हेद्रिन' या न्यायालयाविषयीच्या भागाच्या चौथ्या अध्यायात. देहदंडाच्या खटल्यात साक्षीदारांना बजावताना विचारायचं: मनुष्य एकटाच का निर्माण केला? यासाठी, की कुणी कुणाला म्हणू नये, 'माझा बाप तुझ्या बापाहून मोठा'.

त्याच जागी काइनाचं वचनही आहे. देव म्हणतो 'तुझ्या भावाचं रक्त', पण इब्रीत अनेकवचन आहे, 'रक्ते' हाक मारतायत. त्याचं आणि त्याच्या न जन्मलेल्या सगळ्यांचं.

शिवारातला_सतीश

'माझा बाप तुझ्या बापाहून मोठा'. आमच्या गावात हे वाक्य पाटीवर लिहून लावायला पाहिजे. दोन आळ्यांच्या दोन विहिरी मी लहानपणी पाहिल्यात.

जुनीपोथी

ताई, मुलीला द्यायचं माझं उत्तर असं. एक, काही लोक बहीण म्हणतात, त्याला ५:४ चा आधार आहे. दोन, काइनाची कथा बहुधा आधी स्वतंत्र सांगितली जायची, भरलेल्या जगात घडणारी. पहिल्या कुटुंबात आणून बसवली तेव्हा तिच्यातली माणसं, नगर, भीती सगळं बरोबर आलं. दोन्ही सांगा. निवडू द्या तिला.

आणि चौथ्या अध्यायाचं आठवं वचन तिला दाखवा. ही खरी खाच. इब्रीत आहे: "काइन आपला भाऊ हाबेल याला म्हणाला." संपलं. काय म्हणाला ते नाही. लगेच "ते शेतात असताना काइन उठला". जुन्या ग्रीक भाषांतरात आणि शोमरोनी (समरितन) लोकांच्या प्रतीत 'चल, शेतात जाऊ' हे शब्द आहेत.

नवगावची_लेक

सिम्हात तोरा या सणाला आम्ही तोरातलं, म्हणजे शास्त्राच्या पहिल्या पाच पुस्तकांतलं, शेवटचं पुस्तक संपवून त्याच दिवशी उत्पत्ति पुन्हा सुरू करतो, आणि आठवड्याभरात या वचनापाशी येतो. दरवर्षी. मिद्राश विचारतो, कशावरून भांडले? एक मत: जग वाटून घेतलं. एकानं जमीन घेतली, दुसऱ्यानं हलवता येईल ते सगळं. मग एक म्हणे, 'तू उभा आहेस ती जमीन माझी, हवेत उड.' दुसरा म्हणे, 'तुझ्या अंगावरचं वस्त्र माझं, काढ.'

शिवारातला_सतीश

बांधावरचं भांडण. आमच्या तालुका कोर्टात असे निम्मे दावे असतील.

मृदगंध

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले, काही वहीत उतरवले. आजच रविवार होता, म्हणून लिहिते.

मी आधी तिची माफी मागितली की गेल्या वेळी टाळलं. मग अवानचं नाव सांगितलं, भरलेल्या जगातली कथा सांगितली, मिश्नातलं वाक्य सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मला नक्की उत्तर नाहीये." म्हटलं, नाही. त्यावर ती नाराज दिसली नाही.

नंतर ४:८ इब्रीत आहे तसं वाचलं. "काइन आपला भाऊ हाबेल याला म्हणाला", आणि थांबले. पाच जणांनी पाच वाक्यं सुचवली. कुणी 'चल शेतात' म्हणालं, कुणी 'तुझ्यावरच का प्रेम सगळ्यांचं'. तिच्या बाजूला तिचा धाकटा भाऊ बसला होता, आज पहिल्यांदाच आलेला. ती त्याच्याकडे बघत बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्यानं 'मला राग आलाय' एवढंच म्हणायला हवं होतं."

नवगावची, मिद्राशात कुणी असं म्हटलंय का? तिला सांगायचंय.

नवगावची_लेक

माझ्या वाचण्यात नाही. पुढच्या सिम्हात तोरानंतर त्या वचनापाशी आलो की मी सिनेगॉगमध्ये तिचं म्हणून सांगेन. तिचं फक्त पहिलं नाव कळवा, व्यक्तिगत निरोपात.